परदेशी व्यवस्थापक (फुटबॉल)

फुटबॉल क्लबने आपल्या मुख्य संघाची सूत्रे दुसऱ्या देशातून आलेल्या व्यक्तीकडे सोपविण्याची प्रथा. तसेच अशी सूत्रे सांभाळणारी व्यक्ती. राष्ट्रीय संघांवरील नेमणुकांचा विचार येथे केलेला नाही. ‘परदेशी’ कोणाला म्हणावे याचा निकष एक नाही. कोणी नागरिकत्व पाहतो, कोणी जन्मस्थान, तर कोणी खेळाचे शिक्षण कोठे झाले ते. इंग्लंडमध्ये स्कॉटिश, वेल्श व आयरिश व्यवस्थापकांना परदेशी मानण्याची रीत नाही, आणि ‘पहिला परदेशी’ या मानावरून होणारे बरेच वाद याच ढिलाईतून उद्‌भवतात.

व्यवस्थापक व प्रशिक्षक या संज्ञाही समानार्थी नाहीत. इंग्लंडमध्ये संघनिवड, डावपेच आणि खेळाडूंची खरेदी-विक्री एकाच माणसाच्या हाती देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. आर्सेनलचा हर्बर्ट चॅपमन (कार्यकाल १९२५–३४) हे तिचे ठळक उदाहरण होय. जर्मनी, इटली, स्पेन येथे प्रशिक्षक संघ तयार करतो आणि खरेदी-विक्री क्रीडा संचालक पाहतो. त्यामुळे देश बदलला की कामाची व्याप्तीच बदलते. अलीकडे इंग्लिश क्लबही ‘मुख्य प्रशिक्षक’ हे पद वापरू लागले आहेत.

उगम

ही प्रथा ब्रिटिश खेळाडूंच्या स्थलांतरातून आली, याबद्दल फारसे दुमत नाही. इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाली. खेळायचे वय संपलेल्या व्यावसायिकांची पहिली पिढी पुढील दोन दशकांत उपलब्ध झाली आणि त्याच सुमारास यूरोपातील क्लबांना शिकविणारा माणूस हवा होता. वाद आहे तो अग्रक्रमाचा. ग्लासगोच्या सेल्टिककडून खेळलेला जॉन मॅडन (१८६५–१९४८) १९०५ मध्ये प्रागच्या स्लाव्हिया क्लबमध्ये रुजू झाला व सुमारे पंचवीस वर्षे तेथेच राहिला. इंग्रज विल्यम टाउनलीच्या हाताखाली कार्ल्सरूअर एफव्हीने १९१० मध्ये, तर फ्यूर्टने १९१४ मध्ये जर्मन अजिंक्यपद मिळविले. विल्यम गार्बट (१८८३–१९६४) जेनोआला १९१२ मध्ये आला. इटालियन लेखनात पहिलेपणाचा मान बहुधा गार्बटला दिलेला आढळतो. कालक्रमाने मॅडन आधीचा ठरतो, हे उघड आहे. मात्र त्या काळी अनेक क्लबांत संघ समिती निवडत असे आणि प्रशिक्षकाचे काम कवायत व कौशल्य शिकविण्यापुरते असे. मॅडनला आरंभापासून संघनिवडीचा कितपत अधिकार होता यावर उत्तर अवलंबून आहे. प्रशिक्षक म्हणून मॅडन आणि आजच्या अर्थाने व्यवस्थापक म्हणून गार्बट, अशी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते.

गार्बटच्या काळात जेनोआने युद्धामुळे अर्धवट राहिलेल्या १९१४–१५ च्या हंगामाचे (हे विजेतेपद युद्धानंतर बहाल करण्यात आले), तसेच १९२३ व १९२४ चे अजिंक्यपद मिळविले. इटलीत आजही खेळाडू प्रशिक्षकाला ‘मिस्टर’ म्हणतात, त्याचे मूळ गार्बटला त्याचे खेळाडू वापरीत त्या संबोधनात सांगितले जाते. स्पेनमध्येही हाच शब्द रूढ आहे आणि तेथे त्याचे श्रेय फ्रेड पेंटलंडला (१८८३–१९६२) देतात. पेंटलंड पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या रूलेबेन येथील छावणीत नजरकैदेत होता. १९२२ पासून त्याने बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबमध्ये काम केले. दुसऱ्या कार्यकालात त्याच्या संघाने १९३० व १९३१ मध्ये स्पॅनिश लीग जिंकली आणि १९३१ मध्ये बार्सिलोनाला १२–१ असे हरविले. त्याच्या गोल टोपीवरून त्याला ‘एल बोंबीन’ हे टोपणनाव पडले. गार्बटही पुढे बिल्बाओत आला व १९३५–३६ ची लीग त्याने जिंकून दिली. परंतु तोपर्यंत स्पेनमध्ये इंग्रज प्रशिक्षकांचा चांगलाच राबता होऊन गेला होता. म्हणून हा शब्द एका व्यक्तीकडून दुसऱ्या देशात गेला असे मानण्यापेक्षा दोन्हीकडे स्वतंत्रपणे रुजला असावा, हे मत ग्राह्य धरावेसे वाटते. याच बिल्बाओ क्लबचे धोरण केवळ बास्क (स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातील) खेळाडू घेण्याचे आहे. ते व्यवस्थापकाला कधीच लागू झाले नाही. जर्मनीचा युप हाइंकेस आणि अर्जेंटिनाचा मार्सेलो बिएल्सा हे तेथील अलीकडचे दाखले.

डॅन्यूब परंपरा

लँकेशरच्या जिमी होगनला (१८८२–१९७४) ऑस्ट्रियन फुटबॉलचा संघटक ह्यूगो माइस्लने १९१२ मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या व्हिएन्नात बोलाविले. युद्ध सुरू होताच तो शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडला गेला आणि पुढे डॅन्यूबकाठच्याच बुडापेस्टच्या एमटीके क्लबमध्ये प्रशिक्षक झाला. १९५३ मध्ये हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडचा ६–३ असा पराभव केला, तेव्हा हंगेरियन महासंघाचा अध्यक्ष शांदोर बार्च याने त्याचे श्रेय होगनला दिले. यात कृतज्ञतेचा भाग मोठा असावा, कारण मधल्या पस्तीस वर्षांत हंगेरीत स्वतःची प्रशिक्षक परंपरा तयार झाली होती. तीच आता बाहेर पडू लागली.

त्या परंपरेतील आर्पाद वाइस (१८९६–१९४४) हा हंगेरियन ज्यू होता. त्याने १९२९–३० मध्ये मिलानच्या आम्ब्रोझिआनाला (आजचे इंटर) आणि १९३६ व १९३७ मध्ये बोलोन्याला इटालियन अजिंक्यपद मिळवून दिले. पहिल्या विजेतेपदाच्या वेळी तो ३४ वर्षांचा होता. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांमुळे त्याला इटली सोडावी लागली. नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्ट येथे त्याने पुन्हा काम मिळविले, पण जर्मन ताबा आल्यावर कुटुंबासह त्याची धरपकड झाली. आउशविट्स येथील नाझी छळछावणीत त्याचा अंत झाला. एवढे कर्तृत्व असूनही त्याचे नाव कित्येक दशके विस्मृतीत राहिले, ही या इतिहासातील मोठी उणीव आहे.

डोरी कुर्शनर १९३७ मध्ये ब्राझीलच्या फ्लामेंगोत गेला. बेला गुटमानने (१८९९–१९८१) १९५७ मध्ये साओ पाउलो क्लबला राज्याचे अजिंक्यपद जिंकून दिले. ४-२-४ ही रचना (चार बचावपटू, दोन मध्यरक्षक, चार आक्रमक) ब्राझीलमध्ये गुटमाननेच आणली असे वारंवार लिहिले जाते. तशा मांडणीचे प्रयोग तेथे आधीपासून चालू होते, त्यामुळे त्याला प्रवर्तक न म्हणता प्रसारक म्हणणे योग्य. त्याच्या मार्गदर्शनाखाली लिस्बनच्या बेनफिकाने १९६१ व १९६२ चे यूरोपियन चषक (आजची चॅम्पियन्स लीग) पटकावले.

इंग्लंड

प्रशिक्षक निर्यात करणाऱ्या इंग्लंडने आयात फार उशिरा केली. चेकोस्लोव्हाकियाचा योझेफ वेंगलोश १९९० मध्ये ॲस्टन व्हिलात आला. सर्वोच्च श्रेणीतील पहिला परदेशी व्यवस्थापक म्हणून त्याचेच नाव घेतात. खालच्या श्रेणी धरल्या तर उरुग्वेचा डॅनी बेर्गारा (रॉचडेल, १९८८) त्याच्या आधीचा, आणि जन्मस्थान हा निकष लावल्यास केप टाउनमध्ये जन्मलेला एडी फिरमानी (चार्ल्टन, १९६७) आणखी आधीचा ठरतो. आदल्या हंगामात दुसरा आलेला व्हिला वेंगलोशच्या काळात १७ व्या स्थानावर घसरला व एका हंगामानंतर वेंगलोश निघून गेला. आर्सेन वेंगर १९९६ मध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पस एट क्लबमधून आर्सेनलला आला, तेव्हा लंडनमध्ये त्याचे नाव थोड्यांनाच माहीत होते. १९९७–९८ मध्ये लीग व एफए चषक (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकून इंग्लिश लीग मिळविणारा तो पहिला परदेशी व्यवस्थापक ठरला. २००३–०४ चा लीग हंगाम त्याच्या संघाने एकही सामना न हरता पूर्ण केला. १९९२ मध्ये सर्वोच्च श्रेणी म्हणून सुरू झालेली प्रीमिअर लीग २०२५ पर्यंत एकाही इंग्रज व्यवस्थापकाने जिंकलेली नाही.

कायदा व पात्रता

परदेशी नेमणुकांच्या चर्चेत यूरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालाचा उल्लेख नेहमी होतो. तो खेळाडूंच्या करारांविषयी होता. प्रशिक्षकांच्या दृष्टीने हेलेन्स खटला अधिक महत्त्वाचा आहे, पण त्याची दखल फारच कमी घेतली जाते. जॉर्ज हेलेन्स या बेल्जियन प्रशिक्षकाला फ्रान्सच्या लील क्लबने नेमले. त्याच्या बेल्जियन पदविकेला फ्रेंच पदविकेशी समकक्ष मानण्यास तेथील शासनाने नकार दिला. हा नकार एका समितीच्या प्रतिकूल अभिप्रायावर आधारलेला होता आणि त्या अभिप्रायात कारणे दिलेली नव्हती. हेलेन्सने काम चालूच ठेवल्याने फ्रेंच प्रशिक्षकांच्या संघटनेने लीलच्या फौजदारी न्यायालयात खटला भरला. तेथून विचारणा झाल्यावर यूरोपीय न्यायालयाने १५ ऑक्टोबर १९८७ रोजी निकाल दिला : कामगारांच्या मुक्त संचाराचा हक्क मूलभूत असल्याने असा नकार सकारण असला पाहिजे आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता आली पाहिजे. पुढे यूएफा या यूरोपीय फुटबॉल महासंघाच्या १९९८ च्या प्रशिक्षण करारामुळे सदस्य देशांच्या पदविकांना परस्पर मान्यता मिळू लागली. ‘प्रो’ परवाना हा त्यांतील सर्वोच्च. ब्रिटन यूरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून यूरोपीय प्रशिक्षकांनाही तेथे तेथील फुटबॉल संघटनेचे शिफारसपत्र व कामाचा परवाना लागतो.

नेमणूक

करार चालू असलेल्या व्यवस्थापकाला नेताना आधीच्या क्लबला भरपाई द्यावी लागते. २०११ मध्ये आंद्रे व्हिलास-बोआसला पोर्तूहून आणताना चेल्सीने करारातील १.५ कोटी यूरोंचे मुक्तता कलम (ती रक्कम भरल्यास करारातून सोडविणारी अट) पूर्ण केले. मार्च २०१२ मध्ये त्याला पदावरून दूर केले गेले. नव्या व्यवस्थापकासोबत बहुधा त्याचे साहाय्यकही येतात.

भाषेची अडचण दुभाष्याकरवी सोडवितात. बॉबी रॉबसन १९९२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये गेला, तेव्हा जोझे मोरिन्यो त्याचा दुभाषी होता. नंतर तो रॉबसनबरोबर पोर्तू व बार्सिलोना येथेही गेला. ड्रेसिंग रूममध्ये उच्चारला जाणारा प्रत्येक शब्द ज्याच्या तोंडून जातो, त्या माणसाला हे पद किती जवळून पाहता येते ते यावरून कळते. मोरिन्योने २००४ मध्ये पोर्तूला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली आणि त्याच वर्षी तो स्वतः परदेशी व्यवस्थापक म्हणून चेल्सीत दाखल झाला.

महिला फुटबॉलमध्येही ही प्रथा आता स्थिरावली आहे. फ्रान्सची सोनिया बोंपास्तोर २०२४ मध्ये चेल्सीत आली व पहिल्याच हंगामात तिच्या संघाने एकही पराभव न पत्करता इंग्लिश लीग जिंकली. नेदरलँड्सच्या रेने स्लेगर्सच्या मार्गदर्शनाखाली आर्सेनलने मे २०२५ मध्ये लिस्बन येथे बार्सिलोनाला १–० असे नमवून चॅम्पियन्स लीग मिळविली.