उपग्रहचित्रांवरून हिमवितळीचा मागोवा

पर्वतावर साचलेले हिम दरवर्षी कधी वितळू लागते आणि हिमरेषा (हिमाची खालची कड) किती वर सरकते, हे उपग्रहचित्रांच्या अनेक वर्षांच्या मालिकेवरून ठरवण्याची पद्धत. हिम म्हणजे येथे हंगामी, भुसभुशीत थर. चौपाटीवरच्या गोळ्यातला किंवा हिमनदीतला बर्फ नव्हे.

हिम हिरवा प्रकाश भरपूर परावर्तित करते, १.६ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण मात्र शोषून घेते. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीला बेरजेने भागले की हिम निर्देशांक मिळतो. तो ०.४ च्या वर गेला, की चित्रातला तो ठिपका (पिक्सेल) सहसा हिमाचा धरतात. हिरवे परावर्तन ०.८० आणि अवरक्त ०.१० असेल तर उत्तर ०.७८ येते. ढगाचे ०.७० आणि ०.६० असतील तर जेमतेम ०.०८. फसवते ते पाणी: ०.०६ आणि ०.०१ वरूनही ०.७१ निघते. सरावासाठी हेच सूत्र मुंबईच्या चित्राला लावले, तर विहार तलावावर हिम पडलेले दिसू शकते! म्हणून निकट अवरक्त (दृश्य लाल प्रकाशालगतच्या) किरणांचे परावर्तन ०.११ पेक्षा जास्त हवे, अशी दुसरी अट घालतात.

पावसाळ्यात मुंबईचे स्वच्छ चित्र मिळणे जसे कठीण, तसेच हिमालयाच्या दक्षिण उतारांचेही, आणि तेही ऐन वितळीत. उपाय म्हणून टेरा व ॲक्वा उपग्रहांची सकाळ-दुपारची ५०० मीटरची चित्रे जोडतात किंवा आठ दिवसांतले कमाल आच्छादन (एकदा जरी हिम दिसले तरी ते धरून) घेतात. पण त्यात एका दिवसाचे ताजे हिमही आठवडाभर टिकलेले दिसते आणि वितळीची तारीख पुढे ढकलली जाते. सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार ढगांआडूनही पाहते. ओल्या हिमावरून परतणारा संकेत हिम कोरडे असतानाच्या संदर्भचित्रापेक्षा सुमारे ३ डेसिबलने (म्हणजे जवळपास निम्म्यावर) घटतो. पहाटेच्या फेरीत मात्र रात्री पुन्हा गोठलेला पृष्ठभाग कोरडा भासतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या एकत्र मिसळू नयेत.

वितळ वर्षागणिक एका दिशेने सरकते आहे का, हा कल तपासणारी मान-केंडॉल ही सांख्यिकीय चाचणी संगणक क्षणात करतो. खरा वेळ जातो तो मालिका एकसारखी करण्यात. लँडसॅट-७ उपग्रहाच्या चित्रांत मे २००३ अखेरच्या बिघाडापासून रिकाम्या पट्ट्या आहेत. टेराची फेरी अलीकडे आधीच्या वेळेकडे सरकली, त्यामुळे सावल्या बदलल्या. २००० पासूनची मालिकाही हवामानाच्या मानाने तोकडीच. शिवाय प्रकाशीय चित्रातून क्षेत्र कळते, जाडी नाही: १० सेंटिमीटरचा थर आणि दोन मीटरचा थर सारखेच पांढरे दिसतात. नदीला किती पाणी मिळेल याच्या हिशेबासाठी तापमान व जमिनीवरची मोजमापे लागतातच.