चामडी पट्ट्यांच्या खुर्चीला तेल लावू नका

पावसाळा संपला की आमच्याकडे दुरुस्तीला एकाच दुखण्याच्या खुर्च्या येऊ लागतात. वाकवलेल्या चकचकीत नळ्या, त्यांवर ताणलेल्या काळ्या नाहीतर तपकिरी चामडी पट्ट्या, म्हणजे बहुतेक जण जिला ‘वॅसिली’ म्हणतात ती. बैठकीला झोळ आलेला असतो. काय लावलं होतं विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘बुरशी दिसली, म्हणून थोडं खोबरेल चोळलं.’

ही सवय कोल्हापुरी चपलेवरून आलेली असावी. चपलेला तेल लावतात ते ती मऊ पडून पायाला बसावी म्हणून. इथे नेमकं तेच नको असतं. या खुर्चीत स्प्रिंग नाही, फोम नाही, खाली फळी नाही. बसणाऱ्याचा सगळा भार पट्टीच्या ताणावर असतो. तेलाने चामड्याचे तंतू सैल झाले की पट्टी लांबते, आणि लांबलेली पट्टी परत आखडत नाही. ‘बार्सिलोना’ नावाच्या, धातूच्या सांगाड्यावर गाद्या ठेवलेल्या खुर्चीत त्या गाद्यांखालचे पट्टेही याच जातीचे. ते दिसत नाहीत म्हणून बरे, नाहीतर त्यांनाही तेल मिळालं असतं!

बुरशी दिसली तर खुर्ची गॅलरीत न्या, मऊ कोरड्या ब्रशने झटका, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वाळू द्या. ऊन नको. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

तेल लावून झालंच असेल तर घरी आणखी काही करू नका. साबण तर नकोच. तेल काढायला आम्ही शोषक पावडरीचा थर देतो, तो काढतो, पुन्हा देतो. तेल सावकाश वर येतं, म्हणून महिना मागतो आणि या कामाचे पैसे वेगळे लावतो. ‘नुसतं पुसायचंच तर आहे’ असं ऐकावं लागतं. पण तेलकट चामड्यावर रंग धरत नाही, कडा चिकटत नाहीत. घाईने दिलेलं काम दोन महिन्यांत परत येतं. पट्टी फारच लांबली असेल तर नवी घालावी लागते. ती आम्ही झाडाच्या सालीत कमावलेल्या जाड चामड्याचीच करतो. रेक्झिन स्वस्त पडतं, पण आम्ही लावत नाही.

क्रोमबद्दल थोडक्यात. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड नळीला लावू नका. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्या ॲसिडात तो विरघळतो. गंजाचे बारीक ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा ओला बोळा हलक्या हाताने फिरवला तर निघतात. नव्याने क्रोम करून घ्यायचा विचार असेल तर आधी आम्हाला दाखवा. सुरुवातीच्या काही खुर्च्यांवर निकेल असतं, किंचित पिवळसर झाकेचं. ते घासून काढलं की खुर्चीची निम्मी किंमत गेली, असं आमचं मत.

‘आमची खरी आहे का?’ हेही नेहमी विचारलं जातं. डिझायनर मार्सेल ब्रॉयरने ही खुर्ची १९२५ च्या सुमारास जर्मनीत, बाउहाउस या कलाशाळेत असताना केली, तेव्हा तिला कापडी पट्ट्या होत्या. चामड्याच्या पट्ट्या आणि ‘वॅसिली’ हे नाव १९६० नंतरचं, इटलीच्या गाविना कंपनीचं. १९६८ मध्ये ती कंपनी नोल या अमेरिकन फर्निचर कंपनीने घेतली. त्यामुळे ‘आजोबांनी १९३० साली आणली’ आणि ‘चामडं मूळचंच आहे’ या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. इंदूरच्या होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यातलं आधुनिक फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं; तिथलीच म्हणून कोणी नळीची खुर्ची विकू लागलं तर कागद मागा. खुर्ची नक्कल असली तरी काम आम्ही तेवढंच नीट करतो. चांगल्या नक्कलेच्या नळ्याही पुष्कळ वर्षं टिकतात.

आणण्यापूर्वी खालच्या बाजूचा, बोल्ट आणि पट्टीची शिवण दिसेल असा फोटो पाठवा, म्हणजे अंदाजे खर्च आधीच सांगता येतो. उचलताना नळीला धरा, हाताच्या पट्ट्यांना नको. आणि तुटलेली पट्टी टाकून देऊ नका. नवी बेतायला तिचंच माप लागतं.