धावफलकाची गाठ उन्हाशी

सोलापूरच्या पार्क मैदानावर मे महिन्यात सामना पाहणाऱ्याला धास्ती असते ती भर दुपारच्या उन्हाची. डिजिटल धावफलकाची खरी परीक्षा मात्र साडेचार-पाचच्या सुमारास होते, आणि त्याचे कारण फलकाच्या अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या एका स्पर्धेसाठी भाड्याने आणलेल्या एलईडी वॉलसमोर, म्हणजे धावफलकाच्या दिव्यांच्या पडद्यासमोर, मी हातभर अंतरावर उभा राहिलो, तेव्हा फलंदाजाचा चेहरा कुठेच दिसेना. दिसत होते ते लाल, हिरव्या आणि निळ्या दिव्यांचे ठिपके, एकमेकांपासून १० मिलिमीटरवर मांडलेले. सोलापूरकराला याचे नवल वाटू नये, कारण जेकार्ड चादरीवरचा मोरही नाकाशी धरला की त्याचे नुसते धागे होतात. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन बिंदू वेगळे ओळखता येतात, आणि १० मिलिमीटरचे अंतर एवढ्याशा कोनात सामावते ते सुमारे ३४ मीटरवरून. त्यापलीकडे बसलेल्या प्रेक्षकासाठी अधिक बारीक ठिपक्यांचा महागडा पडदा आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

या तिघांपैकी निळ्या दिव्याने फार वाट पाहायला लावली. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर १९८० साली बसवलेला रंगीत पडदा एलईडीचा नव्हे, तर जुन्या टीव्हीत असत तशा कॅथोड किरण नळ्यांचा होता. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकापासून तेजस्वी निळा एलईडी तयार झाला तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उन्हाकडे वळू. घरच्या टीव्हीचा पांढरा रंग साधारण ३०० ते ५०० निट इतका उजळ असतो (निट हे पृष्ठभागाच्या उजळपणाचे एकक), तर मैदानावरचा पडदा ५ हजार निटच्याही पुढे जातो. तरीही चित्र फिके पडते, कारण काळा रंग दाखवण्यासाठी पडद्याकडे कोणताच दिवा नसतो. काळे दिसायचे तिथले दिवे विझवायचे, एवढेच त्याच्या हाती असते. त्या जागी जे दिसते ते पडद्याच्या काळ्या पृष्ठभागावरून परतणारे ऊन. समजा, फलकावर ६० हजार लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) इतके ऊन पडले आणि त्यातले फक्त ५ टक्के परतले, तरी तो ‘काळा’ रंग साडेनऊशे निटच्या आसपास भरतो, म्हणजे टीव्हीच्या पांढऱ्या रंगाच्या जवळजवळ दुप्पट! म्हणूनच पडदा काळाकुट्ट आणि चकाकी नसलेला ठेवतात, आणि दिव्यांच्या प्रत्येक ओळीवर बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा प्लॅस्टिकचा छज्जा असतो.

छज्जाचे काम घराच्या छज्जासारखेच: डोक्यावरचे ऊन अडवायचे. मे महिन्यात सोलापुरात सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे उभ्या फलकाला त्याचे किरण जेमतेम घासून जातात आणि उरलेले छज्जा झेलतो. मावळतीकडचे तिरपे ऊन मात्र छज्जाखालून थेट आत शिरते. त्या स्पर्धेत पडद्याचे तोंड नेमके पश्चिमेला होते, आणि पाचच्या सुमारास धावसंख्या पाहण्यासाठी सगळे कपाळावर हात धरून बसले होते.

ऊन कलल्यावर अडचण उलटी होते: दुपारसाठी लावलेला उजेड सूर्यास्तानंतर डोळ्यांवर येतो, म्हणून तो बराच कमी करावा लागतो. हे करताना विजेचा प्रवाह सहसा कमी केला जात नाही. दिवे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा लुकलुकतात आणि त्यांचा विझलेला वेळ वाढवला जातो. डोळ्याला ती लुकलुक कळत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा चित्र एकेक ओळ करून टिपत असल्याने त्याला ती सापडते. त्या संध्याकाळी विजेत्या संघाने पडद्यासमोर काढलेल्या फोटोत मागच्या धावसंख्येवर आडवे काळे पट्टे उमटले होते, आणि कर्णधार पडद्यात बिघाड झाला म्हणून ऑपरेटरशी हुज्जत घालत होता.