दुचाकीने निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज कसा वाचावा
आमच्या सर्व्हिसिंगच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

जून तोंडावर आला की आमच्या नागपुरातील गॅरेजमध्ये ब्रेक, चेन आणि टायर तपासून घेण्यासाठी गर्दी होते आणि गाडी ताब्यात घेताना बरेच ग्राहक विचारतात, की रविवारी रामटेकला किंवा चिखलदऱ्याला जायचे आहे, पाऊस येईल का. मोबाइलवर दिवसाच्या नावापुढे दिसणारे ढगाचे चित्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण त्या एका चित्रात चोवीस तास कोंबलेले असतात. आपण कोणत्या तासाला कोणत्या गावाजवळ असू हे आधी कागदावर मांडले, तरच अंदाजाचा दुचाकीस्वाराला उपयोग होतो.

भारतीय हवामान विभागाचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच, सोनेगावला विमानतळाजवळ आहे आणि विदर्भातील प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र अंदाज तेथून दिला जातो. त्या अंदाजातील शब्द सैल बोलीतले वाटतात, पण प्रत्येकाला मोजमाप ठरलेले आहे. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ थोडासा पाऊस असा नसून, त्या भागातील जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस पडेल असा आहे. पडेल तेथे तो धो धो पडू शकतो. ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ म्हटले की संपूर्ण जिल्हा नकाशावर पिवळा दिसतो, मग नरखेडला पूर आला आणि हिंगण्यात धूळ उडाली तरी अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. टक्क्यांचेही तसेच. ‘40 टक्के शक्यता’ म्हणजे दिवसाचा 40 टक्के वेळ पाऊस नव्हे. तशा दहा दिवसांपैकी साधारण चार दिवशी पाऊस पडतो, एवढेच ते सांगते.

याहून मोठा घोटाळा ‘मुसळधार’ या शब्दाचा होतो. विभागाच्या व्याख्येप्रमाणे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस पडला तरच तो ‘जोरदार’ म्हणजे मुसळधार या वर्गात जातो आणि 15.6 ते 64.4 मिलिमीटर पाऊस ‘मध्यम’ मानला जातो. परंतु तोच 30 मिलिमीटरचा ‘मध्यम’ पाऊस अर्ध्या तासात कोसळला, तर नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली गाडी घालण्याची सोय उरत नाही. दुचाकीस्वाराला बाधते ती तासाभरातील सर, दिवसाची बेरीज नव्हे. या 24 तासांची मोजणी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत चालते, त्यामुळे पहाटे पाचला निघणाऱ्याचे पहिले साडेतीन तास आदल्या दिवसाच्या अंदाजात असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नकाशावरील इशाऱ्यांच्या रंगांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. हिरवा म्हणजे काही इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आमच्या मते नारिंगी रंगाच्या दिवशी हौसेची सफर करू नये. कामासाठी जावेच लागत असेल तर बसने जावे.

जिल्ह्याचा अंदाज आदल्या रात्री पाहावा. निघताना मात्र पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा तातडीचा अंदाज आणि रडारचे चित्र पाहणे अधिक उपयोगाचे असते. रडारचे एकच चित्र पाहून काही कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने आलेली तीन-चार चित्रे एकापाठोपाठ पाहिली, की ढगांचा पट्टा कोणत्या दिशेला सरकतो आहे आणि तो आपल्या रस्त्याला आडवा येतो की समांतर जातो, हे समजते. अशा चित्रांवर आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवर पुष्कळदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. सकाळचे साडेआठ वाजलेले असताना 03:00 असा आकडा पाहून ‘हे तर रात्रीचे जुने चित्र’ म्हणून मोबाइल खिशात टाकणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

आपल्याकडे मे-जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गडगडाटी पावसाचे ढग प्रामुख्याने दुपारच्या तापलेल्या जमिनीवर उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत फुटतात. सकाळी निरभ्र आकाश पाहून निघालेला माणूस परतीच्या वाटेवर कोंढाळीजवळ सापडतो, तो यामुळेच. सफरीचा मोठा टप्पा दुपारी दोन-अडीचच्या आत उरकेल अशी वेळ ठरवावी. दुचाकींना समृद्धी महामार्गावर मनाई असल्याने अमरावतीकडे जुन्या रस्त्यानेच जावे लागते, आणि त्याचा एक फायदा असा, की थांबायला ढाबे आणि पेट्रोल पंप जवळजवळ मिळतात.

सफर जिल्हा ओलांडत असेल तर प्रत्येक जिल्ह्याचा अंदाज निराळा पाहावा. सावनेर, सौंसरमार्गे छिंदवाड्याला जाणाऱ्याने केवळ नागपूरचा रंग पाहून भागत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. अमरावतीत कोरडे असताना परतवाड्यापुढच्या घाटात धुके आणि रिमझिम असते, आणि उंचीमुळे तापमानही चार-पाच अंशांनी उतरते. नद्यांच्या बाबतीत तर आपल्या गावचा अंदाज अपुराच ठरतो. पेंच आणि कन्हान या दोन्ही नद्या मध्य प्रदेशातून येतात, त्यामुळे पारशिवनी भागात ऊन असतानाही वर छिंदवाड्याकडे झालेल्या पावसाने आणि धरणातून सोडलेल्या पाण्याने खालचे रपटे बुडू शकतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर त्याची खोली पायाने अजमावू नये, परत फिरावे.

पावसाच्या आकड्याखेरीज वाऱ्याचा आकडा अवश्य वाचावा, कारण चारचाकीवाल्याला न जाणवणारा वारा दुचाकी रस्त्याच्या कडेला ढकलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा ताशी 40 किलोमीटरचा वारा दुप्पट नव्हे, चौपट जोर लावतो. गडगडाटी पावसाच्या इशाऱ्यात ‘ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा’ असे लिहिलेले असेल, तर उड्डाणपुलांवर आणि ट्रकला मागे टाकून पुढे येण्याच्या क्षणी गाडी आडवी ओढली जाईल हे गृहीत धरून वेग कमी ठेवावा, आणि मागच्या सीटवर उंच सामान बांधू नये.

विजेबद्दल एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. टायर रबराचे असल्यामुळे दुचाकीवर वीज पडत नाही, हे खरे नाही. बंद मोटारीतील माणसाला धातूचे कवच वाचवते आणि दुचाकीवर ते कवच नसते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप आपल्या आसपास पडलेल्या विजा दाखवते. ते मोबाइलमध्ये असावे.

शहरातल्या पाण्याचा धडा नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी बुडालेली गाडी सुरू होते का हे पाहण्यासाठी स्टार्टरचे बटण दाबण्याचा मोह आवरावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत भागणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. गाडी ढकलत कोरड्या जागी न्यावी, चावी बंद ठेवावी आणि आम्हाला कळवावे.

उन्हाळ्यातील अंदाज आपण पावसाइतक्या गांभीर्याने वाचत नाही. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. हा आकडा सावलीत, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीतील तापमापकाचा असतो. सिग्नलला उभे असताना खालचे डांबर आणि दोन पायांमधले इंजिन यांचा ताप त्यात धरलेला नसतो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असल्याने 44-45 अंशांचा वारा अंगाला गारवा देत नाही, उलट उष्णता देतो, आणि वेग वाढवला तर ती अधिक देतो. म्हणून नवतपाच्या दिवसांत बाह्या दुमडून गाडी चालवण्यापेक्षा सैल, सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हेल्मेटखाली ओला रुमाल बरा. टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकली, तर संध्याकाळी तोच टायर कमी हवेवर चालतो.

थंडीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुक्याचा इशारा पाहावा. दाट धुके म्हणजे 50 ते 200 मीटरपर्यंतचेच दिसणे, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढे जातो. उन्ह वर येईपर्यंत तासभर थांबणे हाच यावरचा उपाय आहे.

लांब सफरीच्या आधी ब्रेक पॅड, चेन, दिवे आणि टायरच्या खाचा यांची तपासणी आम्ही विनामूल्य करून देतो. त्यासाठी गाडी किमान दोन दिवस आधी आणावी, म्हणजे टायर बदलण्याची वेळ आली तर घाई होत नाही. नागपूर जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असलेल्या दिवशी आपली सर्व्हिसिंग ठरलेली असेल, तर त्या पावसात गाडी घेऊन येऊ नये. फोन करून पुढची तारीख घ्यावी. त्यासाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही.