लेख कोणी लिहिला? रंगीत पट्ट्यांमागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या गावांवरचे विकिपीडिया लेख एकहाती लिहिलेले नसतात. सीमाभागात मराठी-कन्नड दोन्ही येणारे पुष्कळ, त्यामुळे नावापासून लोकसंख्येपर्यंत प्रत्येक ओळीवर अनेकांचे हात फिरतात. ‘इतिहास पहा’ दाबले की सगळे बदल तारीखवार दिसतात खरे. पण शे-दोनशे नोंदी वाचूनही वाद नेमका कुठे पेटला ते उमगत नाही.

यावर २००३ मध्ये आयबीएमच्या फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी ‘हिस्टरी फ्लो’ हे लेखातले बदल चित्रात दाखवणारे साधन काढले. प्रत्येक आवृत्तीची एक उभी रेघ, तिची उंची मजकुराच्या प्रमाणात, आणि प्रत्येक लेखकाचा वेगळा रंग. शेजारच्या रेघांमधला टिकलेला मजकूर जोडला की आडवे पट्टे तयार होतात. एकाने घालायचे, दुसऱ्याने काढायचे असे चालले की पट्टा नागमोडी होतो. ‘चॉकलेट’सारख्या निरुपद्रवी लेखातही तो सापडला! रेघा समान अंतरावर ठेवल्या तर कुणी अख्खा लेख पुसल्याची फट ठळक दिसते. तारखेनुसार ठेवल्या की ती बहुधा नाहीशी होते, कारण दुरुस्ती काही मिनिटांतच झालेली असते.

खरी मेख दोन आवृत्त्यांच्या तुलनेच्या एककात आहे, म्हणजे वाक्याला वाक्य ताडायचे की शब्दाला शब्द. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. समजा, एखाद्याने लेखभर ‘बेळगाव’ बदलून ‘बेळगावी’ केले. वाक्य हे एकक असेल तर ज्या वाक्यात ते नाव आहे ते प्रत्येक वाक्य नवे ठरते आणि बदलणाऱ्याच्या रंगाने रंगते. मूळ लिहिणारा चित्रातून गायब. शब्द हे एकक धरले तर तेवढा एकच शब्द रंग बदलतो. २०१४ मध्येच मांडलेली ‘विकिहू’ पद्धत शब्दागणिक कर्ता शोधते, पुसून परत आणलेला शब्दही मूळ लेखकाच्याच नावावर ठेवते. सीमाभागातल्या लेखांना हीच बरी.

देवनागरीचा त्रास निराळाच. ‘मलप्रभेच्या खोऱ्यात’ यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो : ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर फरक शून्य, संगणकाला शब्द दोन. तुलनेआधी दोन्ही रूपे एक करून घ्यावीत, नाहीतर कीबोर्ड बदलणारा फुकट लेखक ठरतो.

शिवाय कन्नड आणि मराठी लेखांचे इतिहास वेगवेगळे असतात. कन्नड लेखाचा अनुवाद मराठीत टाकला की पहिली रेघ संपूर्ण अनुवादकाच्या रंगाची उमटते. त्याने बदलाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा दिला असेल, तरच पलीकडचे लेखक हाती लागतात.