रात्रीच्या आवाजाची तक्रार: कोण करू शकतो, कुठे करायची, कागद काय लागतात

रात्री दहानंतर उघड्यावर डीजे, बेंजो किंवा ढोल वाजत असेल, तर तक्रार करण्यासाठी तुम्हाला आवाज मोजून दाखवावा लागत नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच अडतात. "किती डेसिबल आहे ते दाखवा" असं कोणी म्हटलं की तक्रारदार गप्प बसतो आणि पहाटेपर्यंत कानात बोळे घालून पडून राहतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मध्ये रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर किंवा कुठलंही वाद्य वाजवायला बंदी आहे. नियम 7 प्रमाणे या बंदीचा भंग हेच तक्रारीला पुरेसं कारण आहे. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागांना सूट आहे. मंगल कार्यालयाच्या लॉनवर लावलेला स्पीकर मात्र या सवलतीत बसत नाही.

सणांचं काय? राज्य शासनाला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत मुभा देता येते. हे दिवस जिल्हानिहाय जाहीर होतात. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, दिवाळी, नाताळ, 31 डिसेंबर अशा दिवसांचा त्यात विचार होतो. तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची त्या वर्षाची यादी मिळवून ठेवा. ही सवलत फक्त वेळेची आहे. आवाजाची मर्यादा त्या दिवशीही तीच राहते.

दिवसाची मर्यादा

निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि 55, औद्योगिक भागात 75 आणि 70, शांतता क्षेत्रात (रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा तसा जाहीर केलेला भाग) 50 आणि 40. "75 पर्यंत चालतं" हे वाक्य मंडपात नेहमी ऐकू येतं, पण निवासी भागासाठी ते चूक आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतला जो आकडा कमी असेल तिथपर्यंतच असावा असा नियम आहे. म्हणजे वस्तीत दिवसा 65. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमला तर मर्यादेपेक्षा फक्त 5 डेसिबलची वाढ चालते. दहा डेसिबलचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण त्यात ध्वनीची ऊर्जा दहापट वाढलेली असते.

रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या 100 मीटरबद्दल एक खबरदारी. 2017 च्या दुरुस्तीनंतर शांतता क्षेत्र शासनाने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. तेव्हा अर्जात "शांतता क्षेत्र" लिहिण्याआधी खात्री करून घ्या. शंका असेल तर "रुग्णालयाला लागून असलेला निवासी भाग" असं लिहा, त्यानेही काम होतं.

कोण तक्रार करू शकतो आणि कागदपत्रं

कोणीही. भाडेकरू, वसतिगृहातला विद्यार्थी, आजारी माणसाचा नातेवाईक, कोणीही. घर तुमच्या नावावर असण्याची अट नाही, सोसायटीचा ठराव लागत नाही, आधार कार्ड लागत नाही. नाव सांगणंही बंधनकारक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर 2016 मध्ये तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याचे निर्देश दिले होते. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्यातल्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असं न्यायालयाने पुन्हा सांगितलं. आधी समज, मग दंड, त्यानंतरही ऐकलं नाही तर साहित्याची जप्ती आणि परवाना रद्द, असा क्रमही त्यात दिला आहे. निवासी भागातली मर्यादा प्रत्येक स्पीकरसाठी वेगळी नसून सगळ्या स्पीकरांच्या एकत्रित आवाजाची आहे, हेही त्याच निकालात आहे.

या निर्देशांचा खरा उपयोग तुम्ही ते पोलीस ठाण्यात सांगू शकता तेव्हाच होतो. गल्लीतल्या मंडळाशी वैर नको म्हणून माणसं गप्प बसतात, आणि ही भीती अगदी खरी आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. त्या रात्रीचा आवाज बंद करायला निनावी फोन पुरतो. पुढे पाठपुरावा करायचा असेल तर मात्र लेखी अर्ज लागतो. तो चार-पाच जणांनी मिळून किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर दिला, तर रोष एकट्यावर येत नाही.

प्रत्यक्ष काय करायचं

आवाज चालू असताना 112 वर फोन करा. ठिकाण खुणेसह सांगा, काय वाजतंय ते सांगा, "रात्री दहानंतर उघड्यावर" हे शब्द वापरा आणि तक्रारीचा नोंद क्रमांक मागून लिहून ठेवा. अर्ध्या तासात फरक पडला नाही तर पुन्हा फोन करा आणि आधीचा क्रमांक सांगा. खिडकीतून एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, त्यात घड्याळ दिसू द्या. मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. मोबाइल अ‍ॅपवरचा आकडा अंदाजापुरता जोडायला हरकत नाही. नेमकी मोजणी पोलिसांनी करायची असते.

दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. शहरात तो वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, ग्रामीण भागात ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे. मजकूर एवढा पुरे:

"विषय: रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवल्याबाबत. महोदय, दि. ____ रोजी रात्री ____ ते ____ या वेळेत ____ येथे ध्वनिक्षेपक चालू होता. याबाबत 112 वर तक्रार केली असून नोंद क्रमांक ____ आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मधील नियम 5 व 7 नुसार कारवाई करावी, सदर कार्यक्रमास परवानगी होती काय हे कळवावे आणि केलेली कारवाई लेखी कळवावी. माझी ओळख गुप्त ठेवावी."

दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय निघू नका. "साहेब बाहेर आहेत, ठेवून जा" म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. ठाण्यात नुसतं तोंडी सांगितलं तर त्याची नोंद बहुधा राहत नाही आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर याच शिक्क्याची विचारणा होते.

उत्तर आलं नाही तर शहरात सहायक पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकारी. त्यासोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जोडपत्र 'अ' (या अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. मागायचं काय, तर दिलेल्या परवानगीची प्रत, तिच्यातल्या अटी आणि तुमच्या तक्रारीवर झालेल्या कारवाईची नोंद. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनेकदा परवानगी घेतलेलीच नसते, आणि ते एकदा कागदावर आलं की पुढची वाट सोपी होते. त्रास रोजचाच असेल, उदाहरणार्थ एखादं लॉन किंवा वर्कशॉप, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव थांबवण्याच्या आदेशासाठी अर्ज करता येतो.

महापालिका आणि ग्रामपंचायत

पालिकेने मंडपाला परवानगी दिली म्हणजे स्पीकरला मिळाली, असा समज सर्रास आहे. मंडपाची परवानगी पालिकेची, ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी पोलिसांची, आणि दोन्ही वेगळ्या घ्याव्या लागतात. आयोजकांकडून साधारणपणे अर्जदाराचं ओळखपत्र, मंडळाची नोंदणी, जागामालकाचं ना-हरकत पत्र, कार्यक्रमाची तारीख व वेळ, स्पीकरची संख्या आणि अटी पाळण्याचं हमीपत्र मागितलं जातं. तुम्हीच आयोजक असाल तर आपल्या ठाण्याची यादी आधी विचारून घ्या आणि अर्ज कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नेऊ नका.

बांधकामाची आवाज करणारी यंत्रं निवासी भागात रात्री चालवता येत नाहीत. अशा वेळी पोलिसांबरोबर पालिकेच्या प्रभाग कार्यालयालाही अर्ज द्या, कारण बांधकामाची परवानगी त्यांच्याकडची असते. गावात ग्रामसभेपुढे डीजे न लावण्याचा ठराव मांडता येतो. कारवाईचे अधिकार पोलिसांकडेच राहतात, त्यामुळे ठरावाची प्रत ठाण्यात आणि पोलीस पाटलांकडे सण सुरू होण्याआधीच पोचती करा.