वॉटर-कूलिंग लूपमधली नळी मुडपू नये म्हणून

आमच्याकडून मऊ नळी, फिटिंग (नळी जोडायचा सांधा) किंवा संपूर्ण लूपचे, म्हणजे संगणकाचे भाग थंड ठेवणारा द्रव फिरवणाऱ्या बंद मार्गाचे, सामान घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. नळी कापण्याआधी ते वाचावे, कारण वळण बिघडवणारे बरेचसे निर्णय कात्री हातात घेण्याच्या आधीच झालेले असतात.

घडी का पडते

नळी वाकवली की वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली बाजू दाबली जाते आणि गोल छेद लंबगोल होऊ लागतो. थोडा चपटेपणा निरुपद्रवी असतो. एका दिशेने नळी १० टक्के दबली आणि दुसऱ्या दिशेने तेवढीच फुगली, तरी आतले क्षेत्रफळ फक्त १ टक्क्याने घटते. खरा धोका त्यापुढे आहे. नळी जितकी चपटी होते तितका तिचा वाकण्याला होणारा विरोध कमी होतो. त्यामुळे एका मर्यादेनंतर ती सावकाश वाकत नाही, आतली भिंत एकदम खचते आणि घडी पडते. म्हणूनच ‘अजून थोडी वाकेल’ हा अंदाज नेमका फसतो.

ही मर्यादा भिंतीची जाडी आणि व्यास यांच्या प्रमाणावर ठरते. १०/१३ नळीची (आतला व्यास १०, बाहेरचा १३ मिलिमीटर) भिंत दीड मिलिमीटर असते, १०/१६ ची ३ मिलिमीटर. आतला व्यास तोच, पण दुसरी कितीतरी आखूड वळण सहन करते. १३/१९ नळीची भिंतही ३ मिलिमीटरच असते, पण व्यास मोठा असल्याने तिला १०/१६ पेक्षा मोठे वळण लागते. जाड दिसते म्हणून १३/१९ घेणाऱ्यांची इथेच गल्लत होते. प्रवाहासाठीही तिची गरज नाही: लूपमधला मोठा अडथळा ब्लॉकच्या (प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डावर बसणाऱ्या, आतून द्रव वाहणाऱ्या ठोकळ्याच्या) बारीक खाचांत असतो, १० मिलिमीटरच्या नळीत नव्हे. जागा कमी असेल तर आम्ही १०/१६ सुचवतो. फिटिंग मात्र त्याच मापाचे घ्या. १०/१६ च्या फिटिंगमध्ये १०/१३ नळी बार्बवर (नळीच्या आत जाणाऱ्या टोकावर) बसते, पण कॉलर (बाहेरून आवळायची कडी) तिला पकडत नाही आणि गळती होते.

दुसरे कारण उष्णता. पीव्हीसी तापली की मऊ पडते, आणि लोडवर, म्हणजे संगणक जड काम करत असताना, लूपमधला द्रव ४० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. जोडणी करताना जेमतेम तग धरलेले वळण तासाभराच्या रेंडरिंगसारख्या जड कामानंतर खचू शकते. ईपीडीएम रबराची काळी नळी या बाबतीत अधिक भरवशाची. तिच्यातून प्लास्टिसायझरही (प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ) सुटत नाही, म्हणजे ब्लॉकच्या खाचांत चिकट थर साचत नाही. आतला द्रव दिसणे महत्त्वाचे नसेल तर तीच घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी नळीची मर्यादा मोजा

घेतलेल्या नळीचा साधारण ३० सेंटिमीटरचा तुकडा खोलीच्या तापमानाला ‘यू’ आकारात वाकवा आणि दोन्ही पाय हळूहळू जवळ आणा. वळणाचा माथा स्पष्ट चपटा दिसू लागला की थांबा. दोन पायांच्या मध्यरेषांमधले अंतर मोजून निम्मे करा. ही त्या नळीची थंड असतानाची मर्यादा. लूपमध्ये याच्या दीडपट त्रिज्या धरा, ती वाढ उष्णतेसाठी आहे. वेटोळ्यातून आलेल्या नळीला मूळचा बाक असतो. वळण त्या बाकाच्या दिशेनेच द्या, उलट दिशेने वाकवलेली नळी लवकर मुडपते.

आता केसमध्ये (संगणकाच्या पेटीत) पोर्टमधले, म्हणजे फिटिंग बसवायच्या भोकांमधले, अंतर मोजा. एकाच दिशेला तोंड असलेल्या दोन पोर्टमधले अंतर ८० मिलिमीटर असेल, तर त्यांना जोडणाऱ्या साध्या ‘यू’ वळणाची त्रिज्या ४० मिलिमीटर होईल. तुमच्या नळीला ४५ लागत असतील तर हे वळण कागदावरच बाद आहे. अशा वेळी एका किंवा दोन्ही टोकांना ४५ किंवा ९० अंशांचे फिरते फिटिंग लावा. प्रत्येक कोनी फिटिंगमुळे प्रवाहाला किंचित अडथळा वाढतो आणि गळतीची एक जागाही वाढते हे खरे, पण मुडपलेली नळी त्यापेक्षा कितीतरी पट जास्त अडवते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे क्रम बदलणे. द्रव फिरता असताना लूपच्या वेगवेगळ्या भागांतल्या तापमानात थोड्याच अंशांचा फरक असतो. प्रोसेसर आधी की ग्राफिक्स कार्ड आधी, याने फारसे बिघडत नाही. ज्या क्रमात नळ्या सरळ आणि वळणे मोठी राहतात तो क्रम निवडा. फक्त एक जोडणी ठरलेली: रिझर्व्हायर (द्रवाची टाकी) पंपाच्या वर आणि त्यांच्यातली नळी शक्य तितकी आखूड व सरळ. पंपाच्या येणाऱ्या बाजूला घडी पडली तर पंप द्रव ओढू शकत नाही, त्यात बुडबुडे तयार होतात आणि तो कुरकुरू लागतो.

कापणे आणि बसवणे

लांबी अंदाजाने घेऊ नका. काटकोनी वळणाला त्रिज्येच्या १.५७ पट, ‘यू’ वळणाला ३.१४ पट नळी लागते. फिटिंगच्या कडेशी नळी लगेच वाकली तर सगळा ताण त्या कडेवर येतो, म्हणून दोन्ही टोकांना किमान २० मिलिमीटर सरळ भाग ठेवा. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटर त्रिज्येच्या ‘यू’ साठी १५७ अधिक ४०, म्हणजे १९७ मिलिमीटर, आणि त्यात दोन्ही बार्बवर चढणारी लांबी. आखूड नळी फिटिंग ओढते हे सर्वांना माहीत असते. जास्त लांब नळीही तितकीच वाईट, कारण उरलेली लांबी कुठेतरी फुगून तिथेच मुडपते.

नळीवर मार्करने लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ मारा. कॉलर आवळताना नळीही सोबत फिरते आणि तिला पीळ बसतो. पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण द्रव तापला की नळी तो सोडवू पाहते आणि वळणात मुडपते. रेघ वाकडी झाली तर कॉलर सैल करून नळी सरळ करा. टोक चढत नसेल तर अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा. कॉलर हातानेच आवळा. नळी केसला बांधायची झाली तर टाय सैल ठेवा, घट्ट टायखालीच घडी पडते.

स्प्रिंग कधी वापरावी

बाहेरून बसणारी, नळीच्या बाहेरच्या व्यासाची स्प्रिंग भिंतीला चपटे होऊ देत नाही. ती दुसरे टोक जोडण्याआधीच सरकवावी लागते, आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना थोडी पुढे जाईल एवढी लांब हवी. काठावर असलेल्या वळणाला तिचा उपयोग होतो, चुकीच्या मार्गाला नाही. नळीच्या आत घालायची स्प्रिंग आम्ही देत नाही: ती प्रवाह अडवते आणि लूपमध्ये आणखी एक धातू द्रवाच्या संपर्कात आणते.

भरल्यावरची तपासणी

हवेच्या दाबाने केलेल्या गळती चाचणीत घडी सापडत नाही, कारण स्थिर दाब अरुंद फटीतूनही पलीकडे पोहोचतो. म्हणून लूप भरून हवा निघाल्यावर केसची बाजूची काच लावा, तासभर पूर्ण लोड द्या आणि प्रत्येक वळण पाहा. काच लावूनच, कारण ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमधून बाहेर येणारी नळी बऱ्याचदा काचेवरच दबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

फ्लो मीटरचा (प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा पहिल्या दिवशी लिहून ठेवा. तो नंतर घसरला, किंवा द्रवाचे तापमान नेहमीइतके असूनही प्रोसेसर लोड येताच जास्त तापू लागला, तर आधी नळ्या पाहा, मग ब्लॉकमध्ये साचलेला गाळ. मुडपलेली नळी दिसल्यास यंत्र लगेच बंद करा. अनेक पंप स्वतःतून वाहणाऱ्या द्रवानेच थंड राहतात.

घडी पडलेली नळी सरळ करून पुन्हा वापरू नका. पारदर्शक नळीवर तिथे अनेकदा पांढुरकी रेघ दिसते. भिंत त्या जागी कायमची कमजोर झालेली असते आणि ती पुन्हा तिथेच मुडपते. लूप रिकामा करून तो तुकडा बदला, आणि नवा तुकडा जुन्याच्या मापाने कापू नका. पोर्टमधले अंतर पुन्हा मोजा.